अक्षरांमागची अक्षरे

खामगावचा कापूसबाजार एके काळी सातासमुद्रापार ठाऊक होता. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराशी थेट जोडला गेला. रुळांच्या सोबतीने तारायंत्राचे खांब आले. लिव्हरपूलच्या बाजारातला भाव पूर्वी बोटीच्या वेगाने कळायचा, तो आता तारेच्या वेगाने कळू लागला. परंतु तार महाग होती. शब्दागणिक पैसे मोजावे लागत. म्हणून त्या काळच्या बड्या व्यापारी पेढ्या छापील संकेतकोश वापरीत. त्यात एकेका शब्दाला एकेक आखे वाक्य नेमून दिलेले असे. पाठवणाऱ्याने एकच शब्द पाठवायचा आणि घेणाऱ्याने कोश उघडून ‘अमुक इतक्या गासड्या अमुक भावाने घ्या’ असा त्याचा अर्थ लावायचा. पैसे तर वाचतच, शिवाय तार हाताळणाऱ्या तिऱ्हाइताला काही उमजत नसे.

याच जातीचे कोश पुढे अमेरिकेत चोरट्या दारूचे व्यापारी वापरू लागले आणि त्यांच्या तारा वाचण्यासाठी तिथल्या सरकारने एका बाईला नेमले. एलिझबेथ स्मिथ फ्रीडमन हे तिचे नाव. अमेरिकन सरकारच्या गुप्तलिपी-शास्त्राचा पाया ज्या दोन-चार व्यक्तींनी घातला, त्यांत तिची गणना होते. मात्र या बाईंच्या कार्याचा पहिला अध्याय दारूचा नव्हता. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या आपल्याच देशबांधवांच्या पत्रांचा तो होता. त्यामुळे त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवताना निर्भेळ गौरवाची लेखणी हाती धरता येत नाही. तरीही ते ठेवावेसे वाटते.

गुप्तलेखन ही काही पाश्चात्त्यांची मिरास नव्हे. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला आहे. ठरावीक रीतीने अक्षरांची अदलाबदल करून लिहिणे-बोलणे असा तिचा अर्थ टीकाकार करतात. स्त्रियांनी शिकावयाच्या कलांत तिचा समावेश आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे. आपल्याकडे करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द अजून भाषेत आहेत. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवणारे दलाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. आणि पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ‘शेशख’ आठवेल. हे शेशख म्हणजे बाबेलच. हिब्रू वर्णमालेतील पहिल्या अक्षराऐवजी शेवटचे, दुसऱ्याऐवजी शेवटून दुसरे, अशी उलटापालट केली की बाबेलचे शेशख होते. सेमिनरीत हिब्रूच्या तासाला ही गंमत कळली, तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाने आपापले नाव त्या रीतीने लिहून पाहिले होते.

एलिझबेथचा जन्म २६ ऑगस्ट १८९२ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टन गावी झाला. घर क्वेकर पंथीय, वडील दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी, पदरी भरपूर मुले आणि त्यांत ही धाकटी. मुलीला लोकांनी ‘एलायझा’ अशी हाक मारलेली आईला खपणार नव्हती. म्हणून तिने नावाच्या स्पेलिंगमध्ये नेहमीच्या ‘ए’ऐवजी ‘ई’ घातला, अशी हकिगत सांगतात. वडिलांना मुलीचे उच्च शिक्षण पसंत नव्हते. तिने हट्ट धरला, तेव्हा त्यांनी शिक्षणासाठी पैसे दिले ते कर्जाऊ, सहा टक्के व्याजाने! आपल्याकडेही मुलीच्या शिक्षणाचा खर्च हा ‘दुसऱ्याच्या घरी जाणारा पैसा’ मानणारे बाप होते, आहेत. पण व्याज लावणारा बाप निदान माझ्या पाहण्यात नाही. १९१५ मध्ये तिने हिल्सडेल कॉलेजातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली आणि एका गावातल्या शाळेत काही काळ काम केले. त्यात जीव रमेना. १९१६ च्या उन्हाळ्यात ती कामाच्या शोधात शिकागोला आली.

शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात शेक्सपियरच्या नाटकांची १६२३ सालची पहिली संग्रहित आवृत्ती होती. ती पाहायला ती गेली. तिथल्या ग्रंथपालबाईंशी बोलणे निघाले, आणि शेक्सपियरवर काम करायला तरुण मुलगी हवी आहे असे सांगणारा एक धनिक आपल्याला ठाऊक आहे, असे म्हणून त्यांनी टेलिफोन केला. थोड्याच वेळात एक धिप्पाड गृहस्थ मोटार घेऊन हजर झाला. याचे नाव जॉर्ज फेबियन. घराण्याचा पैसा सुती कापडाच्या व्यापारातला. (कापूस कुठून कुठे धागे नेतो, पाहा.) शिकागोपासून जवळच जिनिव्हा या गावी ‘रिव्हरबँक’ नावाची त्याची मोठी इस्टेट होती आणि तिथे त्याने आपल्या लहरीप्रमाणे नाना शास्त्रांचे संशोधक पदरी बाळगले होते. बदलायला कपडेही सोबत नसलेली ती तेवीस वर्षांची मुलगी त्याच दिवशी रिव्हरबँकला पोहोचली.

काम होते ते असे. एलिझबेथ वेल्स गॅलप नावाच्या एका विदुषींची ठाम श्रद्धा होती, की शेक्सपियरची नाटके वस्तुतः फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि आपले गुपित त्याने छापील मजकुरातच दडवून ठेवले. बेकनने एक गुप्तलिपी खरोखरच शोधली होती. तीत प्रत्येक अक्षरासाठी दोनच खुणांचा पाच-पाचांचा गट असतो. छपाईत किंचित वेगळ्या वळणाचे दोन टाईप घेतले, एकाला पहिली खूण मानले आणि दुसऱ्याला दुसरी, की कोणत्याही साध्यासुध्या मजकुरात हवे ते दडवता येते. वाचणारा वरचे वाचतो, जाणणारा आतले वाचतो. गॅलपबाई भिंगाखाली ती जुनी पाने धरीत आणि प्रत्येक अक्षर या टाईपाचे की त्या टाईपाचे हे ठरवीत. नव्या मुलीने त्यांच्या हाताखाली तेच करायचे होते.

पण तिला ते दिसेना. गॅलपबाईंना जिथे स्पष्ट वाक्ये दिसत, तिथे तिला जुन्या छपाईतले झिजलेले खिळे आणि पसरलेली शाई यांपलीकडे काही आढळत नसे. बाई दुरुस्त करून देत, मग वाक्य जुळे. बाई उठून गेल्या की पुन्हा काही नाही. नोकरी नवी, मालक लहरी, आणि गॅलपबाई तर वयाने व मानाने मोठ्या. अशा वेळी ‘मलाही दिसते’ असे म्हणणे किती सोपे असते! तिने तसे म्हटले नाही. त्याच इस्टेटीवर धान्यांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणारा विल्यम फ्रीडमन हा तरुण होता. रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरी जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला हा ज्यू मुलगा छायाचित्रणाच्या मदतीसाठी या कामात ओढला गेला होता. त्यालाही तीच शंका होती. या सामायिक शंकेतून दोघांची मैत्री झाली आणि मे १९१७ मध्ये लग्न. परधर्मातली सून विल्यमच्या घरच्यांना रुचली नाही. अशा विवाहांतले ताण आमच्यासारख्या धर्मगुरूंच्या परिचयाचे असतात. पुढची बावन्न वर्षे मात्र हा संसार टिकला.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. त्या वेळी तिथल्या सरकारपाशी शत्रूचे सांकेतिक संदेश उकलणारे खाते असे नव्हतेच. फेबियनने आपली माणसे देऊ केली आणि वॉशिंग्टनहून कागदांची पाकिटे रिव्हरबँकला येऊ लागली. बेकनच्या पानांत काही न सापडलेल्या या जोडप्याला या पाकिटांतून मात्र खरोखरचा मजकूर सापडू लागला. अमुक अक्षर किती वेळा येते, कोणत्या अक्षराशेजारी येते, गट कुठे पुन्हा उमटतात, यांची कोष्टके मांडायची, तर्क करायचा, चुकला तर पुसायचा. कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढीच हत्यारे.

आता या पाकिटांतल्या एका गठ्ठ्याकडे वळू. १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थापन झालेल्या गदर पक्षाविषयी आपण शाळेत वाचले आहे. त्याच्या उभारणीत आपल्या विदर्भाचा एक सुपुत्र होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे शेतकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत गेले होते आणि लाला हरदयाळ व पंजाबी मजुरांबरोबर त्यांनी सशस्त्र उठावाची स्वप्ने रंगवली. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे अमेरिकेहून परतून फौजेत उठाव घडवण्यासाठी उत्तर हिंदुस्थानात उतरले. मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले. फेब्रुवारी १९१५ चा तो नियोजित उठाव फसला, तो कुणा गणितज्ञामुळे नव्हे. तिथे लिपी फुटली नव्हती, माणूस फुटला होता.

अमेरिकेत राहिलेल्या क्रांतिकारकांचा जर्मनीशी पत्रव्यवहार चालू होता. बंदुका आणि पैसा जर्मनीकडून यायचा होता. अमेरिका तोवर तटस्थ असल्याने तिच्या भूमीवरून दुसऱ्या देशाविरुद्ध असा कट रचणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा होता. ब्रिटिशांच्या हाती या मंडळींची सांकेतिक पत्रे पडली. ती त्यांना वाचता येईनात, म्हणून ती फिरत फिरत रिव्हरबँकला पोहोचली. त्यांतल्या एका प्रकारच्या पत्रांत तीन-तीन आकड्यांचे गट होते. पहिला आकडा पुस्तकाचे पान सांगे, दुसरा ओळ आणि तिसरा त्या ओळीतले अक्षर. कोणते पुस्तक हे ठाऊक नसेल तर असा संदेश वाचणे अशक्य, असे कुणालाही वाटेल. ज्यांनी ही रीत निवडली त्यांनाही ते वाटले असणार.

फ्रीडमन दांपत्याने ते पुस्तकाशिवाय वाचले. युक्ती सांगायला सोपी आहे. एकाच ओळीतील दोन-चार अक्षरे तर्काने कळली की त्या ओळीत छापलेला मूळ शब्द कोणता असावा याचा अंदाज येतो. तो शब्द कळला की त्याच ओळीकडे निर्देश करणारे बाकीचे आकडे आपोआप बोलू लागतात. न पाहिलेल्या पुस्तकाच्या ओळी अशा रीतीने हळूहळू कागदावर उमटत गेल्या. मजकूर बहुतांशी हाती आल्यावर ते पुस्तकही ओळखले गेले. प्राइस कॉलियर या अमेरिकन लेखकाचे ‘जर्मनी अँड द जर्मन्स’ हे ते पुस्तक.

सॅन फ्रान्सिस्को येथे नोव्हेंबर १९१७ मध्ये ‘हिंदू-जर्मन कट’ या नावाने खटला उभा राहिला. उकलीच्या कामात पतिपत्नी दोघांचा हात होता. साक्षीला विल्यम गेले. एप्रिल १९१८ मध्ये खटल्याच्या अखेरीस भर न्यायालयात रामसिंग या आरोपीने रामचंद्र या आपल्याच सहआरोपीवर गोळ्या झाडल्या आणि न्यायालयातील अधिकाऱ्याने रामसिंगला तिथल्या तिथे ठार केले. एकोणतीस जणांना दोषी ठरवण्यात आले. त्यांत जर्मन होते, अमेरिकन होते आणि आपले चौदा देशबांधव होते. तारकनाथ दास यांना बावीस महिन्यांची शिक्षा झाली. लाहोरच्या फासांच्या तुलनेत या शिक्षा सौम्य वाटतील. पण अमेरिकेतील गदर पक्षाचे कंबरडे त्या खटल्याने मोडले. खानखोजे त्या वेळी इराणच्या बाजूला लढत होते, म्हणून ते त्या पिंजऱ्यात उभे राहिले नाहीत. पुढे त्यांनी मेक्सिकोत शेतकीशास्त्रात मोठे नाव कमावले, स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी आले आणि १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

या प्रकरणाविषयी काय म्हणावे? विशीतल्या एका अमेरिकन मुलीने आपल्या देशाच्या सरकारने दिलेले कागद वाचले, यात तिचा दोष काढणे अन्यायाचे होईल. पण त्या आकड्यांमागे कुणाचे तरी आयुष्य पणाला लागले होते, हे आपण विसरणे त्याहून अन्यायाचे. कुलूप उघडणाऱ्याला घरात कोण आहे हे विचारण्याची सवय नसते. ज्या हाताने पुढे नाझी हेरांचे कारस्थान उघडे पाडले, त्याच हाताने आधी आपल्या माणसांची पत्रे उघडली होती. दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

युद्धकाळात रिव्हरबँकला लष्करी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण वर्गही भरले. १९१८ च्या जानेवारीत शेजारच्या ऑरोरा गावी काढलेले एका वर्गाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात काही जण समोर पाहताहेत, काहींनी तोंड फिरवले आहे. समोरचा म्हणजे एक खूण आणि वळलेला म्हणजे दुसरी, अशा बेकनच्या लिपीत ती माणसांची रांग ‘ज्ञान हेच सामर्थ्य’ हे इंग्रजी वचन लिहिते. माणसे चार कमी पडल्याने वचन शेवटी अपुरे राहिले आहे. पुढच्या रांगेत एलिझबेथबाई बसल्या आहेत.

१९२१ पासून दोघे वॉशिंग्टनला सरकारी कामावर रुजू झाले. विल्यम यांची कीर्ती वाढत गेली. बाईंनी काही काळ काम करून मग घरी राहायचे ठरवले. १९२३ मध्ये मुलगी झाली, १९२६ मध्ये मुलगा. पण सरकारी अधिकारी दाराशी येत राहिले. त्यांना हवे असत विल्यम. ते लष्कराच्या कामात अडकलेले, म्हणून मग पत्नी तरी, असा तो हिशेब असे. बाईंना हे पुरते कळत होते आणि त्यांनी ते नंतर मिस्कीलपणे सांगितलेही आहे.

त्यांना बाहेर काढले ते दारूबंदीने. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. समुद्रात दूरवर दारूने भरलेली जहाजे उभी राहत आणि रात्री वेगवान होड्या माल किनाऱ्याला आणीत. जहाज आणि किनारा यांच्यात बिनतारी यंत्रावरून सांकेतिक संदेश चालत. तटरक्षक दलापाशी अशा न वाचलेल्या संदेशांचा ढीग साचला होता. १९२५ च्या सुमारास बाईंनी हे काम हाती घेतले आणि तुंबलेला ढीग काही महिन्यांत उपसला. तस्करांच्या टोळ्यांपाशी उत्तम पगारावर नेमलेले संकेततज्ज्ञ होते. खामगावच्या व्यापाऱ्यांच्या संदर्भात वर सांगितले तसला छापील व्यापारी कोश ते घेत, त्यातील शब्दाचा क्रमांक काढीत, त्यात ठरावीक आकडा मिळवीत, येणाऱ्या क्रमांकाचा शब्द पुन्हा दुसऱ्या कोशातून घेत आणि त्याचीही अक्षरे बदलीत. असे तीन-चार पडदे एकामागून एक बाजूला सारल्यावर आत निघे काय, तर ‘अमुक ठिकाणी रात्री होडी पाठवा’. तीन वर्षांत सुमारे बारा हजार संदेश त्यांनी आणि त्यांच्या एका कारकून मदतनीस मुलीने उकलले. त्यांतून सुमारे साडेसहाशे खटले उभे राहिले असे सांगतात. १९३१ मध्ये सरकारने त्यांच्या हाताखाली छोटा विभाग दिला. बाईच्या हाताखाली चालणारे तसले तेव्हा अमेरिकेत दुसरे कार्यालय नव्हते.

खरी कसोटी होती न्यायालयात. १९३३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला एका बड्या टोळीवर खटला चालला. हे सगळे साक्षीदाराचे मनचे अंदाज आहेत, असा बचाव पक्षाच्या वकिलांचा सूर होता. बाईंनी न्यायाधीशांकडे फळा मागितला. खडू घेऊन, शाळेत शिकवावे तशा त्या पंचांना समजावू लागल्या, की हा संदेश असा का उलगडतो आणि दुसऱ्या कोणत्याही रीतीने का उलगडत नाही. शाळेतली ती अर्धवट सोडलेली नोकरी अशी कामी आली. टोळीचे म्होरके तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांनी मात्र बाईंच्या तर्कशास्त्रापेक्षा त्यांच्या पोशाखाचेच वर्णन अधिक रंगवले. प्रसिद्धीचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

याच काळातले ‘आय ॲम अलोन’ या जहाजाचे प्रकरण मला विशेष बोलके वाटते. कॅनडाचे निशाण लावलेले हे जहाज मार्च १९२९ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाने मेक्सिकोच्या आखातात, किनाऱ्यापासून खूप दूर, तोफा डागून बुडवले. एक खलाशी बुडून मेला. कॅनडाने भरपाईचा मोठा दावा लावला. बाईंनी त्या जहाजाशी संबंधित तेवीस तारा उकलून दाखवल्या आणि जहाजाचे खरे मालक अमेरिकनच होते हे सिद्ध झाले. १९३५ च्या निवाड्यात जहाजाची भरपाई नाकारली गेली. परंतु निशाणाच्या अवमानाबद्दल अमेरिकेने कॅनडाची माफी मागावी आणि पंचवीस हजार डॉलर द्यावेत, असेही ठरले. आपल्या सरकारची बाजू सावरणाऱ्या त्या कागदांनी सरकारला निर्दोष केले नाही. अफूच्या एका टोळीच्या तारा कॅनडात पकडल्या गेल्या तेव्हा आणखी कमाल झाली. तारांखालची मूळ भाषा चिनी होती आणि बाईंना चिनी येत नव्हती. दुभाष्याच्या मदतीने त्यांनी त्याही उकलल्या.

दुसऱ्या महायुद्धात त्यांचा विभाग नौदलाच्या अखत्यारीत गेला. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः ब्राझील आणि अर्जेंटिनात, जर्मन हेरांचे जाळे होते. मित्रराष्ट्रांची जहाजे कधी निघाली, कुठे निघाली, याच्या बातम्या ते बिनतारी यंत्रावरून धाडीत. मार्च १९४२ मध्ये रिओ द जानेरोहून निघालेल्या ‘क्वीन मेरी’ या जहाजाची खबर त्यांनी अशीच दिली होती. जहाजावर आठ हजारांहून अधिक सैनिक होते. संदेश वेळेवर वाचला गेला आणि जहाज सुखरूप पोहोचले. पुढे हेर ‘एनिग्मा’ यंत्रे वापरू लागले, तेव्हा बाईंच्या विभागाने तीही उकलली. युद्धकाळात या विभागाने सुमारे चार हजार हेर-संदेश वाचले. मध्यंतरी अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने, एफबीआयने, घाई करून ब्राझीलमध्ये धरपकड घडवून आणली. हेर सावध झाले, त्यांनी लिप्या बदलल्या, आणि बाईंना सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. अर्जेंटिनाने जानेवारी १९४४ मध्ये जर्मनीशी संबंध तोडले, त्यामागे या वाचलेल्या संदेशांचा मोठा वाटा होता. श्रेय मात्र लेखांतून आणि चित्रपटांतून एफबीआयने आणि तिचे प्रमुख हूव्हर यांनी घेतले. बाईंना बोलता येत नव्हते. त्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती.

ही शपथ घरातही लागू होती. विल्यम लष्करात, त्या तटरक्षक दलात; दोघेही एकाच विद्येतले, एकाच छपराखाली राहणारे, आणि एकमेकांच्या दिवसभराच्या कामाविषयी अवाक्षर काढायचे नाही! विल्यम यांच्या चमूने सप्टेंबर १९४० मध्ये जपानच्या राजनैतिक यंत्राची लिपी उकलली. त्या चमूतल्या जिनीव्हिव्ह ग्रोटजन या तरुणीला त्या उकलीची कळीची खूण सापडली होती. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १९४१ मध्ये, अतिश्रमाने विल्यम यांचे मन खचले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. बाई दिवसा आपले कार्यालय सांभाळीत, उरलेल्या वेळात पतीला. आम्ही धर्मगुरू प्रायश्चित्त संस्कारातली गुप्तता आमरण पाळतो. पण आम्हाला संध्याकाळी जेवणाच्या मेजावर समोर बसलेल्या जोडीदारापासून ती पाळावी लागत नाही. आणि आम्ही जे ऐकतो ते विसरण्यासाठी ऐकतो. यांना प्रत्येक अक्षर लक्षात ठेवावे लागे.

१९४६ मध्ये त्यांची सरकारी सेवा संपली. युद्धकाळातले कागद गुप्त शिक्का मारून कोठारात गेले. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी सुरक्षित संदेशव्यवस्थेचे काही काम त्यांनी केले. आणि मग पतिपत्नी दोघे चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या जुन्या प्रश्नाकडे परतले.

१९५७ मध्ये त्यांचे शेक्सपियरच्या कथित गुप्तलिप्यांची चिकित्सा करणारे पुस्तक केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केले. गॅलपबाई आणि त्यांच्यासारख्या इतरांचे दावे त्यांनी एकेक करून तपासले. कसोटी दोन ओळींची होती. उकललेला मजकूर भाषेच्या दृष्टीने अर्थपूर्ण हवा, आणि ज्या नियमाने तो निघाला तो नियम असा घट्ट हवा की दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे बसून केले तरी तेच उत्तर यावे. या कसोटीला एकही दावा उतरला नाही. गॅलपबाईंना लबाड मात्र त्यांनी कुठेही म्हटले नाही. त्या प्रामाणिक होत्या, पण जे पाहायचे होते तेच त्यांना दिसत गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि गंमत अशी, की याच पुस्तकाच्या एका पानावर दोन वळणांच्या टाईपांत दांपत्याने स्वतः एक वाक्य दडवून ठेवले : ही नाटके मी लिहिली नाहीत, असे बेकनच तिथे सांगतो.

ही कसोटी मला आमच्या कामातही उपयोगी पडली आहे. १९९७ मध्ये ‘द बायबल कोड’ नावाचे पुस्तक निघाले. हिब्रू शास्त्रातील अक्षरे ठरावीक अंतराने उचलली तर आजच्या घटनांची भाकिते निघतात, असा त्याचा दावा होता. ब्रेंडन मॅके या गणितज्ञाने तीच रीत ‘मोबी डिक’ या देवमाशाच्या कादंबरीला लावली आणि तिच्यातूनही पुढाऱ्यांच्या हत्यांची भाकिते काढून दाखवली. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सहाशे सहासष्ट या आकड्यात कुणाचे नाव बसते, याचे संदेश हल्ली आमच्या धर्मग्रामातल्या मोबाईलवरही फिरत असतात. कुणी तो घेऊन आले की मी एवढेच विचारतो, ‘शेजारच्याने मोजले तर हेच येईल का?’

डिसेंबर १९५८ मध्ये सरकारी माणसे फ्रीडमन यांच्या घरी आली आणि विल्यम यांच्या संग्रहातले, पूर्वी खुले असलेले काही कागद गुप्त ठरवून उचलून घेऊन गेली. ज्याने सरकारला ही विद्या शिकवली त्याच्याच घरची ही झडती. त्या जखमेतून विल्यम सावरले नाहीत. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. बाईंनी त्यांचे सारे कागद वर्षानुवर्षे बसून लावले, नोंदी केल्या आणि व्हर्जिनियातील लेक्सिंग्टन येथील मार्शल ग्रंथालयाच्या स्वाधीन केले. स्वतःचे कागदही त्यांनी त्यातच दिले, पण तपशिलाने लावले ते पतीचे. ३१ ऑक्टोबर १९८० रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, न्यू जर्सीत त्या निवर्तल्या. त्या वेळी त्यांच्या युद्धकाळातील कामाची जगाला कल्पना नव्हती. ते कागद खुले व्हायला आणखी वीस वर्षांच्या आसपास काळ जावा लागला. अमेरिकेच्या सिनेटने त्यांच्या गौरवाचा ठराव केला तो एप्रिल २०१९ मध्ये.

आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत विल्यम यांच्या कबरीवर बाईंनी जे वचन कोरून घेतले, ते ऑरोराच्या छायाचित्रातलेच : ‘ज्ञान हेच सामर्थ्य’. बाईंच्या अस्थींनाही त्याच कबरीवर विसावा मिळाला. जवळजवळ अर्धशतक लोक ते वचन वाचून पुढे जात राहिले. २०१७ मध्ये एलोन्का डनिन या अभ्यासक बाईंनी त्या कोरीव अक्षरांकडे निरखून पाहिले. काही अक्षरांच्या टोकांना बारीक पाय होते, काहींना नव्हते. पाच-पाचांचे गट पाडले, तेव्हा बेकनच्या लिपीत तीन अक्षरे निघाली : डब्ल्यू, एफ, एफ, म्हणजे विल्यम फ्रेडरिक फ्रीडमन. मार्शल ग्रंथालयातल्या कागदांत त्या शिलालेखाचा आराखडाही सापडला. तो एलिझबेथबाईंच्या हातचा आहे.